किल्ली एकच, यंत्रे हजार : सममित एन्क्रिप्शनच्या रचनेचा आढावा

नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, शेजारची करन्सी नोट प्रेस १९२८ ची. कागद, शाई, वॉटरमार्क आणि बारीक छपाई यांच्या जोरावर नकली माल करणाऱ्याला रोखायचे, ही या दोन्ही कारखान्यांची विद्या. आता याच सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होणाऱ्या पासपोर्टच्या पुस्तिकेत चिप आणि अँटेना बसू लागली आहे. देशातला पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती, जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. तेव्हा तो राजनैतिक आणि शासकीय वापरापुरता होता. एप्रिल २०२४ पासून सर्वसामान्य नागरिकांसाठी त्याचे प्रायोगिक वाटप सुरू झाले आणि नागपूर व गोव्याची कार्यालये त्यात आली.

चिप आली की सुरक्षिततेचा प्रश्नच वेगळा होतो. कागद हातात धरून, उजेडात पाहून तपासता येतो. चिपमधली माहिती मात्र रेडिओलहरींवरून वाचनयंत्राकडे जाते, आणि हवेतून जाणारे बोलणे तिसऱ्यालाही ऐकू येते. म्हणून ती माहिती निघण्याआधीच एन्क्रिप्ट करावी लागते. दोन्ही बाजूंकडे एकच गुप्त किल्ली असते आणि तिनेच माहिती बंद होते व उघडतेही, त्याला सममित एन्क्रिप्शन म्हणतात. आरएसएसारख्या दोन किल्ल्यांच्या पद्धती अनोळखी माणसाशी ओळख पटवायला आणि किल्ली ठरवायला उपयोगी पडतात, पण त्या फार संथ आहेत. एकदा किल्ली ठरली की पुढची सगळी वाहतूक, मग ती बँकेची असो, व्हिडिओ कॉलची असो किंवा पासपोर्टच्या फोटोची, सममित पद्धतीनेच होते.

अशी पद्धत वेगवान आणि तरीही अभेद्य कशी बनवायची, या प्रश्नावर गेली पन्नास वर्षे काम चालू आहे. त्या कामाचा हा आढावा. वेग आणि सुरक्षितता एकमेकींच्या विरोधात आहेत, एक हवी तर दुसरी सोडावी लागते, असा समज सर्रास आढळतो. हा सगळा इतिहास मात्र उलट साक्ष देतो. संथ संरक्षण लोक बंद करून ठेवतात किंवा बसवतच नाहीत. म्हणून रचनाकाराची खरी कसोटी सर्वांत दुबळ्या यंत्रावर लागते.

डीईएस : लोखंडासाठी केलेली रचना

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ मध्ये डीईएस हे मानक जाहीर केले. त्याचे मूळ आयबीएममध्ये होर्स्ट फाइस्टेल यांनी केलेल्या कामात होते. ६४ बिटांचा एक ठोकळा घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, आणि एका भागावरून काढलेले मिश्रण दुसऱ्या भागात मिसळत १६ फेऱ्या करायच्या, अशी ही रचना. प्रत्येक फेरीत ६ बिट घेऊन ४ बिट देणारे आठ तक्ते असतात, त्यांना एस-बॉक्स म्हणतात. सायफरचा, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा, सगळा तिखटपणा या तक्त्यांत असतो. बाकीची अंकगणिते सरळ रेषेची असल्याने ती उलटी सोडवता येतात.

डीईएस सर्किटमध्ये बसवायला सोपे होते. बिटांची अदलाबदल म्हणजे तिथे फक्त तारांची फिरवाफिरव. तेच काम सॉफ्टवेअरने करायचे म्हटले की एकेक बिट उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो आणि संगणक दमतो. डीईएसच्या सुरुवातीची आणि शेवटची अदलाबदल तर सुरक्षिततेत काडीचीही भर घालत नाही. कोणत्या यंत्रावर चालायचे हे डोळ्यांपुढे ठेवूनच सायफर घडतो, हा धडा इथे पहिल्यांदा मिळाला.

दुसरा धडा किल्लीच्या लांबीचा. डीईएसची किल्ली फक्त ५६ बिटांची. डिफी आणि हेलमन यांनी १९७७ मध्येच ती अपुरी असल्याचे बजावले होते. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधले आणि सुमारे ५६ तासांत डीईएसची किल्ली शोधून दाखवली. रचनेचा गाभा मात्र टिकला. दोन संदेशांतल्या फरकाचा फेऱ्यांमधून माग काढणाऱ्या, बिहाम आणि शमीर यांनी १९९० च्या सुमारास मांडलेल्या विभेदी विश्लेषणापुढे डीईएसचे तक्ते आश्चर्यकारकरीत्या भक्कम ठरले, कारण आयबीएमच्या चमूला ती युक्ती आधीपासून माहीत होती. त्या चमूतल्या डॉन कॉपरस्मिथ यांनी १९९४ मध्ये हे उघड केले. म्हणजे तक्ते उत्तम होते, पण किल्ली तोकडी होती.

त्यावर तात्पुरता उपाय म्हणून तेच डीईएस तीनदा चालवायचे ठरले आणि ट्रिपल डीईएस आले. ते तिप्पट संथ, तरी बँकांच्या यंत्रणांत आणि पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात दीर्घकाळ राहिले.

पासपोर्टच्या दोन ओळी

पासपोर्टवर हे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. माहितीच्या पानाच्या तळाशी प्रत्येकी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. मूलभूत प्रवेश नियंत्रण, म्हणजे बीएसी या पद्धतीत काउंटरवरचे यंत्र आधी या ओळी प्रकाशाने वाचते. त्यांतला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख घेऊन त्यांचा एसएचए-१ हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा गणिती ठसा, काढते आणि त्यातून ट्रिपल डीईएसच्या किल्ल्या बनवते. चिपनेही त्याच किल्ल्या धरलेल्या असतात. मग दोघे एकमेकांना यादृच्छिक आकडे एन्क्रिप्ट करून पाठवतात, ते जुळले की त्या संवादापुरत्या नव्या किल्ल्या ठरतात आणि त्यानंतरच चिप फोटो देते. पुस्तिका उघडून दाखवल्याशिवाय चिप बोलत नाही, ही त्यामागची कल्पना.

कल्पना चांगली, पण किल्ली ज्या माहितीतून निघते ती तर्काने हाती लागू शकते. वय अंदाजे कळते, मुदतीला मर्यादा असते, आणि क्रमांक ओळीने दिले जात असतील तर तेही आटोक्यात येतात. नावाला ११२ बिटांची असलेली किल्ली प्रत्यक्षात कितीतरी कमी बिटांची राहते. संवाद टिपून ठेवणारा माणूस नंतर सवडीने अंदाज लावत बसू शकतो. म्हणून नव्या मानकात पेस ही पद्धत आली. तिच्यात त्या दोन ओळींचा उपयोग फक्त ओळखीपुरता होतो, खरी किल्ली डिफी-हेलमन देवाणघेवाणीतून निघते आणि पुढचे बोलणे एईएसने बंद करता येते. टिपून ठेवलेल्या संवादावर सवडीने अंदाज लावण्याची वाट त्यामुळे बुजते. सायफर कितीही चांगला असला तरी किल्ली कुठून आली यावर सगळे अवलंबून असते, हे या दोन ओळींवरून स्पष्ट होते.

ट्रिपल डीईएसची दुसरी अडचण त्याच्या ठोकळ्यात होती. ठोकळा ६४ बिटांचा असल्याने एकाच किल्लीखाली २ चा ३२ वा घात इतके ठोकळे गेले की दोन ठोकळे सारखे निघण्याची शक्यता मोठी होते. प्रत्येकी ८ बाइट धरले तर हा हिशेब सुमारे ३२ गीगाबाइटचा. १९७७ मध्ये हा आकडा कल्पनेपलीकडचा होता, आज तो एका दुपारीही पार होऊ शकतो. भार्गवन आणि ल्यूराँ यांनी २०१६ मध्ये ‘स्वीट३२’ हल्ल्यातून हे प्रत्यक्ष दाखवले. २०२३ संपल्यानंतर अमेरिकेच्या मानक संस्थेने एन्क्रिप्शनसाठी ट्रिपल डीईएसची परवानगी काढून घेतली.

एईएस : खुल्या मैदानातली परीक्षा

डीईएस बनवताना बरेच काही बंद दाराआड घडले आणि त्यातून अविश्वास वाढला. त्यामुळे पुढचे मानक ठरवताना, १९९७ मध्ये, जगभरातून प्रस्ताव मागवण्यात आले. १९९८ मध्ये १५ उमेदवार पुढे आले, १९९९ मध्ये मार्स, आरसी६, राइनडाल, सर्पंट आणि टूफिश हे पाच उरले. प्रत्येक चमूने दुसऱ्यांचे सायफर फोडण्याचा जाहीर प्रयत्न केला. ऑक्टोबर २००० मध्ये बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांचा राइनडाल निवडला गेला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तो एईएस या नावाने मानक झाला.

सर्पंटमध्ये ३२ फेऱ्या होत्या आणि सुरक्षिततेची गंगाजळी त्याच्याकडे सर्वांत मोठी होती. तरी निवड राइनडालची झाली, कारण तो लहान कार्डापासून मोठ्या सर्व्हरपर्यंत सर्वत्र चपळ होता. त्याची रचना सांगण्याजोगी स्वच्छ आहे. १६ बाइटांचा चार बाय चारचा चौकोन घ्यायचा. प्रत्येक बाइट एस-बॉक्समधून बदलायचा, आडव्या ओळी सरकवायच्या, उभे स्तंभ ढवळायचे आणि फेरीची किल्ली मिसळायची. दोन फेऱ्यांत प्रत्येक बाइटाचा परिणाम सोळाही बाइटांवर पोहोचतो. १२८ बिटांच्या किल्लीला अशा १० फेऱ्या, १९२ ला १२ आणि २५६ ला १४.

या रचनेचे मोठेपण असे की तिची ताकद मोजता येते. कोणत्याही चार सलग फेऱ्यांत निदान २५ एस-बॉक्स हल्लेखोराच्या वाटेत येतातच, हे गणिताने सिद्ध आहे. प्रत्येक एस-बॉक्स त्याला जास्तीत जास्त २ च्या उणे ६ व्या घाताइतकी संधी देतो. पंचवीस वेळा ती संधी साधायची म्हणजे २ चा उणे १५० वा घात. विभेदी विश्लेषणाची वाट इथेच बंद होते. डीईएसच्या तक्त्यांवर विश्वास ठेवावा लागत होता, एईएसचा हिशेब कोणीही वहीत करून पाहू शकतो.

पंचवीस वर्षांच्या परीक्षेनंतरची स्थितीही नोंदवण्यासारखी आहे. पूर्ण एईएस-१२८ वरचा २०११ मधला सर्वांत गाजलेला हल्ला सगळ्या किल्ल्या चाचपण्यापेक्षा जेमतेम चौपट वेगवान आहे. एका सेकंदाला एकावर १८ शून्ये इतक्या किल्ल्या तपासणारे यंत्र मिळाले, तरी १२८ बिटांच्या सगळ्या किल्ल्या संपवायला सुमारे १० लाख कोटी वर्षे लागतील. चौपट वेगाने त्यात व्यवहारी फरक पडत नाही.

तक्त्यांची फट आणि त्यावरचे दोन मार्ग

एईएसला धक्का बसला तो गणिताबाहेरून. सॉफ्टवेअरमध्ये वेग मिळवण्यासाठी एस-बॉक्स आणि स्तंभ ढवळणे एकत्र करून मोठे तक्ते आधीच तयार ठेवत. तक्त्यातली कुठली नोंद वाचली जाते हे किल्लीवर अवलंबून असते, आणि प्रोसेसरच्या कॅशमध्ये असलेली नोंद लवकर मिळते, नसलेली उशिरा. या वेळेच्या फरकावरून किल्ली काढता येते, हे डॅनियल बर्नस्टीन यांनी २००५ मध्ये आणि ओस्विक, शमीर व ट्रोमर यांनी त्यानंतर लगेच दाखवले. वेगासाठी केलेली सोयच फितूर झाली. तेव्हापासून किल्ली कोणतीही असो, लागणारा वेळ तोच राहिला पाहिजे, ही अट रचनेच्या पहिल्या ओळीत आली.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग हार्डवेअरचा. इंटेलने २०१० पासून प्रोसेसरमध्येच एईएसची एक फेरी करणाऱ्या सूचना दिल्या, पुढे एआरएमच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांसाठीही तशा सूचना आल्या. तक्ते गेले, कॅशची फट बुजली आणि वेग इतका वाढला की चांगल्या सर्व्हरवर एका बाइटाला प्रोसेसरचे एक चक्रही पुरते लागत नाही.

दुसरा मार्ग तक्तेच नसलेल्या सायफरचा. बर्नस्टीन यांचे साल्सा२० (२००५) आणि त्यातून निघालेले चाचा२० (२००८) फक्त तीन क्रिया वापरतात : ३२ बिटांची बेरीज, एक्सऑर (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) आणि बिट गोल फिरवणे. स्थिती १६ शब्दांची असते. त्यात ४ स्थिरांक, ८ किल्लीचे शब्द, १ मोजणीचा आणि ३ नॉन्सचे, म्हणजे त्या किल्लीखाली एकदाच वापरायच्या आकड्याचे. चार शब्द घेऊन बेरीज, एक्सऑर आणि अनुक्रमे १६, १२, ८ व ७ बिटांचे फिरवणे एवढे केले की चतुर्थांश फेरी झाली. अशा चार चतुर्थांशांची एक फेरी आणि एकूण फेऱ्या वीस. या तिन्ही क्रिया स्वस्तातल्या प्रोसेसरलाही सहज येतात आणि सर्वसाधारण प्रोसेसरांवर त्यांना किल्लीनुसार कमी-जास्त वेळ लागत नाही. बेरजेतला हातचा पुढे सरकतो, तिथेच गणिताचा गुंता पडतो.

आपल्याकडच्या वाचकाने हा दुसरा मार्ग विशेष लक्षात घ्यावा. एईएसच्या सूचना महागड्या फोनमध्ये आधी आल्या. स्वस्त फोनवर एईएस संथ चालायचे, म्हणून गूगलने २०१४ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये चाचा२० आणि संदेश वाटेत बदललेला नाही याची खात्री देणारे पॉली१३०५ ही जोडी आणली. अशा फोनवर ती एईएसच्या सुमारे तिप्पट वेगाने चालत होती. फोनमधल्या साठवणीचे तेच दुखणे होते. कॉर्टेक्स-ए७ सारख्या प्रोसेसरवर एईएसने साठवण एन्क्रिप्ट केली तर फोन रखडतो, म्हणून अँड्रॉइडने अशा फोनना एन्क्रिप्शनमधून सूटच दिली होती. २०१९ मध्ये पॉल क्राउली आणि एरिक बिगर्स यांनी चाचाच्या १२ फेऱ्यांवर आधारलेले अ‍ॅडिअँटम आणले. त्या प्रोसेसरवर ते एईएसच्या सुमारे पाचपट वेगाने चालते. ज्यांचा फोन स्वस्त त्यांचीच माहिती उघडी, ही विषमता एका वेगवान रचनेने कमी केली.

सायफर शाबूत, वापर चुकीचा

गेल्या पंचवीस वर्षांतल्या गाजलेल्या फजित्या काढून पाहिल्या तर सायफरचा गाभा फुटल्याची उदाहरणे थोडी, सायफर चुकीच्या पद्धतीने जोडल्याची भरपूर. वायफायचे पहिले संरक्षण डब्ल्यूईपी २००१ मध्ये कोसळले. त्यातला आरसी४ हा सायफर तसा दुबळा होताच, पण किल्ली आणि नॉन्स नुसते शेजारी शेजारी ठेवून वापरल्याने तो उघडा पडला. ठोकळे एकमेकांना साखळीने जोडणाऱ्या सीबीसी पद्धतीवर व्होदने यांनी २००२ मध्ये शेवटचा ठोकळा पुरा करायला घातलेल्या भरणीच्या चुकीतून माहिती काढण्याची युक्ती दाखवली. तिच्या पोटजाती दशकभर सापडत राहिल्या. २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ वर मॅथी व्हानहूफ यांचा क्रॅक हल्ला आला, तोही तोच नॉन्स पुन्हा वापरायला भाग पाडून. आतले एईएस जसेच्या तसे होते.

यातून एक गोष्ट पक्की झाली. नुसती गुप्तता पुरेशी नाही, वाटेत कोणी अक्षर बदलले तर तेही कळले पाहिजे, आणि ही दोन्ही कामे एकाच रचनेने करावीत. जोडणी वापरणाऱ्यावर सोडली की तो चुकतो. मॅकग्रू आणि व्हिएगा यांची जीसीएम पद्धत (२००७ मध्ये मानक) आणि चाचा२०-पॉली१३०५ या दोन्ही अशा जोडरचना आहेत. वेबवरची वाहतूक सुरक्षित करणाऱ्या टीएलएस मानकाच्या २०१८ च्या १.३ आवृत्तीत फक्त अशाच रचना ठेवल्या. आरसी४, ट्रिपल डीईएस आणि सीबीसी यांना त्यात जागाच नाही.

जीसीएम वेगवान आहे, कारण ठोकळे एकमेकांसाठी थांबत नाहीत आणि सगळे एका वेळी चालवता येतात. तिचा धोकाही त्याच जागी आहे. एकाच किल्लीखाली तोच नॉन्स दोनदा आला की दोन गुप्त संदेशांचा एक्सऑर म्हणजेच दोन मूळ संदेशांचा एक्सऑर होतो, आणि सही तपासण्याची गुप्त संख्याही हाती लागते. मग हल्लेखोर स्वतः संदेश बनवू शकतो.

हे नीट समजण्यासाठी उत्तर महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आधारच्या पडताळणीत बोटाचा ठसा जिथे घेतला तिथेच एन्क्रिप्ट होतो. यंत्र २५६ बिटांची एक नवी किल्ली बनवते, ठसा आणि माहिती एईएसने बंद करते आणि ती किल्ली आधार प्राधिकरणाच्या आरएसए-२०४८ किल्लीने बंद करून सोबत पाठवते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एईएस ईसीबी पद्धतीने चालवले जाई. तिच्यात सारखा ठोकळा सारखाच दिसतो. २०१७ च्या २.० आवृत्तीने जीसीएम आणले आणि नॉन्स म्हणून वेळेच्या नोंदीतले शेवटचे १२ बाइट घेतले. वेळेची नोंद वर्ष-महिना-दिवस आणि पुढे तास, मिनिट, सेकंद अशी असते. तिच्या शेवटच्या १२ अक्षरांत दिवस आणि वेळ येते, महिना आणि वर्ष येत नाही. म्हणजे पुढच्या महिन्यात त्याच तारखेला त्याच सेकंदाला तोच नॉन्स पुन्हा येणार. देशभरात एकाच सेकंदात होणाऱ्या व्यवहारांचा तर नॉन्स सारखाच. तरीही रचना सुरक्षित राहते, कारण व्यवहारागणिक किल्ली नवी असते. किल्ली आणि नॉन्स यांची जोडी पुन्हा आली नाही म्हणजे झाले. पण कोणी प्रोग्रामरने वेग वाढवायला म्हणून किल्ली जपून पुन्हा वापरली, तर हाच नॉन्स घात करील. रेशन दुकानापासून बँकमित्रापर्यंत कितीतरी यंत्रांवर ही शिस्त पाळली जाते की नाही, यावर सामान्य माणसाची गुप्तता टिकून आहे.

अशी चूक पोटात घालणाऱ्या रचनाही आता आहेत. २०१९ मध्ये आलेली एईएस-जीसीएम-एसआयव्ही पद्धत नॉन्स पुन्हा आला तरी कोलमडत नाही. फार तर दोन संदेश तंतोतंत सारखे होते एवढेच कळते. ती थोडी संथ आहे, कारण संदेश दोनदा पाहावा लागतो. जिथे यंत्रे अनेक हातांत आहेत आणि देखरेख विरळ आहे, तिथे एवढी किंमत मोजावी असे माझे मत आहे.

अंगठ्याएवढी यंत्रे

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मातीचा ओलावा आणि पानांचा ओलेपणा मोजणारी संवेदक यंत्रे वापरात आली आहेत. अशा यंत्राला जेमतेम काही किलोबाइट स्मृती आणि एक लहान बॅटरी असते. त्याने पाठवलेला ओलाव्याचा आकडा गुप्त नसेल, पण तो वाटेत बदलला तर ठिबकचा व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडेल. इथे गुप्ततेपेक्षा खरेपणाची गरज मोठी.

या जगासाठी २००७ मध्ये प्रेझेंट हा सायफर आला. त्याने सर्किटचा आकार फार कमी केला, पण ठोकळा ६४ बिटांचाच ठेवला. अमेरिकेच्या सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये सायमन आणि स्पेक हे अतिशय चपळ सायफर मांडले. रचनेमागचा विचार मात्र त्यांनी पुरेसा उघड केला नाही. त्यामुळे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१८ मध्ये त्यांना जागा नाकारली. वेग होता, पण विश्वास नव्हता.

त्यानंतर पुन्हा खुली स्पर्धा झाली. ५७ प्रस्ताव आले, २०२१ मध्ये दहा उरले. त्या दहांत गिफ्ट-कॉफ्ब आणि फोटॉन-बीटल यांच्या चमूंत कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटशी जोडलेले भारतीय संशोधक होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या परंपरेतला अ‍ॅस्कॉन निवडला गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचे मानक पक्के झाले. अ‍ॅस्कॉनची स्थिती ६४ बिटांच्या पाच शब्दांची, म्हणजे ३२० बिटांची. त्याचा एस-बॉक्स साध्या अँड आणि एक्सऑरने होतो, तक्ता लागत नाही. त्याच एका मिश्रणातून एन्क्रिप्शनही होते आणि हॅशही निघतो, म्हणून लहान चिपमध्ये एकाच सर्किटात दोन्ही कामे भागतात.

फेऱ्या किती ठेवाव्यात हा वाद मात्र अजून चालू आहे. एईएस-१२८ च्या दहापैकी सात फेऱ्यांपर्यंत कागदोपत्री हल्ले आहेत, चाचाच्या वीसपैकी साधारण सातच. ज्याँ-फिलिप ऑमासाँ यांनी २०१९ च्या अखेरीस सुचवले की चाचाला आठ फेऱ्या आणि एईएस-१२८ ला नऊ पुरतील. जास्तीच्या फेऱ्या म्हणजे जगभर फुकट जाणारी वीज. हिशेब बिनतोड आहे, पण मानक बदलण्याची किंमतही मोठी असते. ट्रिपल डीईएस हटवायला किती वर्षे गेली ते आपण पाहिले. थोड्या फेऱ्या जास्त असणे परवडते, कमी पडल्या तर आधी पाठवलेले सगळे उघडे पडते.

क्वांटम संगणकाची भीती सममित पद्धतींना तुलनेने कमी आहे. लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेली शोधपद्धत किल्लीचे बिट सैद्धांतिकदृष्ट्या निम्मे करते, म्हणून दीर्घकाळ जपायच्या माहितीसाठी २५६ बिट घ्यावेत. आरएसएसारख्या पद्धतींवरचे संकट याहून कितीतरी मोठे आहे.

चाळीस बिटांचा कायदा

रचनाकाराने केलेले काम धोरण एका ओळीत पुसू शकते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. दूरसंचार विभागाच्या इंटरनेट सेवा परवान्यांत बरीच वर्षे अशी अट होती की सममित पद्धतीत ४० बिटांपर्यंतचीच किल्ली परवानगीविना वापरता येईल, त्याहून मोठी वापरायची तर लेखी परवानगी घ्यायची आणि किल्ली जमा करायची. ४० बिटांच्या एकूण किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी. सेकंदाला १०० कोटी किल्ल्या तपासणारा संगणक असेल तर अठरा-एकोणीस मिनिटांत सगळ्या संपतात. त्याच काळात मुंबईहून रिझर्व्ह बँकेने जून २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत इंटरनेट बँकिंगसाठी निदान १२८ बिटांचे संरक्षण मागितले. एकाच देशातला एक विभाग दार अर्धे उघडे ठेवायला सांगत होता, दुसरा ते घट्ट बंद करायला.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ८४अ आले आणि एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याखाली सप्टेंबर २०१५ मध्ये जो मसुदा आला त्यात नागरिकांनी पाठवलेला मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा असे म्हटले होते. मान्य सायफरांच्या यादीत एईएस आणि ट्रिपल डीईएसबरोबर आरसी४ ही होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंटरनेटच्या मानकाने टीएलएसमधून आरसी४ ला हद्दपार केले होते. जनतेच्या विरोधामुळे मसुदा दोन-तीन दिवसांत मागे घेतला गेला. पण फुटलेला सायफर सरकारी यादीत बसतो कसा, या प्रश्नाकडे तेव्हा फारसे कोणी वळले नाही. यादी बनवणाऱ्यांच्या खोलीत हा विषय रोज करणारा माणूस असला पाहिजे, हे त्याचे उत्तर.

आपण काय करावे

नोटेच्या छपाईत कागदाचा आणि शाईचा तपशील गुप्त ठेवण्यात शहाणपण आहे. सायफरच्या बाबतीत तेच केले की घात होतो. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगितले होते की किल्लीखेरीज सगळे शत्रूच्या हाती पडले तरी यंत्रणा टिकली पाहिजे. जीएसएम फोनचा ए५/१ आणि मायफेअर क्लासिक कार्डांचा क्रिप्टो१ हे दोन्ही गुप्त ठेवलेले सायफर होते. दोन्ही बाहेर पडले आणि दोन्ही मोडले. एईएस, चाचा आणि अ‍ॅस्कॉन यांचे एकेक अक्षर छापलेले आहे आणि ते उभे आहेत. म्हणून ‘आमचा स्वतःचा गुप्त अल्गोरिदम’ विकायला येणाऱ्या कोणत्याही पुरवठादाराला महापालिका, सहकारी बँका आणि साखर कारखान्यांनी दारातूनच परत पाठवावे.

आज निवड अवघड नाही. एईएसच्या सूचना असलेल्या यंत्रावर एईएस-जीसीएम, नसलेल्यावर चाचा२०-पॉली१३०५, नॉन्सची खात्री देता येत नसेल तिथे जीसीएम-एसआयव्ही, आणि बटणाएवढ्या संवेदकावर अ‍ॅस्कॉन. निविदेत ‘एन्क्रिप्शन असावे’ एवढेच लिहून भागत नाही. कोणती पद्धत, किल्ली किती बिटांची, ती कुठून येते, किती काळाने बदलते आणि नॉन्स पुन्हा येणार नाही याची हमी कोण देतो, हे पाच प्रश्न त्यात असले पाहिजेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थासाठी कॅमेरे, नोंदणी आणि गर्दीच्या मोजणीची यंत्रे उभी राहतील, तेव्हा लाखो भाविकांची माहिती याच पाच उत्तरांच्या आधारावर सुरक्षित राहील.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एईएसच्या फेऱ्या परीक्षेत लिहून घेतल्या जातात, पण तोच नॉन्स दोनदा वापरला तर काय होते हे विद्यार्थ्याने स्वतः करून पाहिलेले नसते. पन्नास ओळींचा तो प्रयोग प्रत्येक प्रयोगशाळेत व्हावा. नवा सायफर शोधणारे जगात मोजके असतील, पण असलेला सायफर नीट जोडणारे हजारो लागणार आहेत. ते नाशिक, नागपूर, कोल्हापूरच्या वर्गांतूनच घडायचे आहेत, आणि त्यांना घडवण्याइतके ज्ञान आज खुले पडलेले आहे.